मुलींच्या तोंडावरच्या पुटकुळ्या

वयात आलेल्या मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या की आपण तिच्या अस्वच्छतेला नावे ठेवतो. पण त्या वयात कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रे बुजतात व आत जंतू वाढतात. यात मुलीचा दोष नाही. पुटकुळ्या फोडू नयेत, वण राहतात. तोंड सौम्य साबणाने दोनदा धुवावे. औषधाचा गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

गोरेपणासाठी स्टेरॉइडचे मलम मात्र लावू नये. आधी चेहरा उजळतो, मग लाल होऊन जळजळतो व पुटकुळ्या वाढतात. अशा बऱ्याच मलमांना २०१८ सालापासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. शेजारणीचा सल्ला पुरत नाही. लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करावे.

मुलीला टोमणे नकोत, उपचार हवेत, एवढीच विनंती.