एकदिश विजेची पारख



१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा आपल्या चिंचवडवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या तारेत १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. आज तेथे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज खेळते आणि तिला एकदिश करण्याचे काम इंजिनातच होते. हेच काम करणारा रेक्टिफायर आपल्या भागातील प्लेटिंगच्या शेडमध्येही असतो. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

रेक्टिफायरमधून निघालेली वीज एकाच दिशेने वाहते, पण संथ वाहतेच असे नाही. पवनेचे पाणीही एकाच दिशेने जाते. तरी त्यावर लाटा उठतातच. लाट किती आणि ओघ किती, या गुणोत्तरास रिपल म्हणतात. साध्या रोधाच्या भारावर सिंगल फेजची अर्धीच लाट घेतली, तर ते शंभरास १२१ भरते. दोन्ही अर्ध्या घेतल्या, तर ४८. थ्री फेजचा सहा डायोडांचा ब्रिज केला, तर अवघे ४.२.

याची चिंता कशाला करावयाची? फॅरडेच्या नियमाप्रमाणे वस्तूवर बसणारा धातू सरासरी प्रवाहावर अवलंबून असतो. तारांतील उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या सरासरीवर. म्हणून अर्ध्या लाटेवर तेवढ्याच कामाला तारांत जवळजवळ अडीचपट उष्णता होते. क्रोमचे काम तर फार नाजूक. तेथे रिपल शंभरास ५ च्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. नाहीतर थर निस्तेज उतरतो.

आता खरा धोका पाहा. रात्रपाळीत एका फेजचा फ्यूज उडाला, तरी ब्रिज बंद पडत नाही. तो सिंगल फेजवर चालत राहतो. सरासरी दोनतृतीयांशावर येते. काटा उतरलेला पाहून कारागीर नॉब फिरवतो आणि काटा जागेवर येतो. पॅनेलवरचा काटा सरासरीच दाखवतो. त्याच्या लेखी सर्व क्षेमकुशल! रिपल मात्र ४ वरून ४८ वर गेलेले असते. सकाळी खराब जॉब समोर येतात आणि बोल लागतो तो रसायनाला, नाहीतर कारागिराला.

यावर उपाय सोपा आहे. ट्रू आरएमएस मल्टिमीटर घ्यावा. साधा मीटर शुद्ध साइन लाट गृहीत धरून सरासरीला १.११ ने गुणतो, म्हणून येथे फसवतो. प्रथम एसीवर ठेवून तो बॅटरीला लावावा; शून्य दाखवील तर तो नुसती लाट मोजतो, असे समजावे. मग रेक्टिफायरवर, नेहमीच्या भारावर, डीसी व एसी असे दोन्ही आकडे घ्यावेत. रोधाच्या भारावर १२ व्होल्टांमागे लाट अर्धा व्होल्ट असेल, तर ठीक. पावणेसहाच्या आसपास निघाली, तर फेज गेला असे समजून फ्यूज तपासावेत. बाथवर आकडे थोडे निराळे येतात, म्हणून यंत्र निर्दोष असतानाच ते वहीत टिपून ठेवावेत.

दोन आकडे आणि एक भागाकार, एवढेच हे काम. कुणाच्या हातास दोष देण्यापूर्वी ते करावे, इतकीच माझी विनंती आहे.