बर्गी



केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त आम्ही कोलकात्यास प्रथम आलो, तेव्हा आमची कन्या वर्षाची होती. शेजारच्या वृद्ध माशीमा तिला थोपटून निजवीत. एका दुपारी त्यांच्या अंगाईत ‘बर्गी’ हा शब्द आमच्या कानी पडला. आम्ही अर्थ विचारला. माशीमा ओशाळल्या, मग हळूच म्हणाल्या, “लुटारू, बाबा. तुमच्याच देशाकडचे.”

वास्तविक आपल्या इतिहासात ‘बारगीर’ हा शब्द किती निरुपद्रवी! स्वतःचा घोडा बाळगी तो शिलेदार. घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. म्हणजे आम्हीही एका परीने बारगीरच! परंतु नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी १७४२ पासून वर्षानुवर्षे बंगालवर चालून आल्या आणि या शब्दाचा अर्थ येथे कायमचा पालटला. भास्करराम कोल्हटकरांस वाटाघाटीस बोलावून अलिवर्दीखानाने १७४४ साली दग्याने मारविले, हे आम्ही शाळेत संतापाने वाचले होते. तत्पूर्वी येथील गावांचे काय झाले, ते मात्र कोणी सांगितले नव्हते. ते गंगाराम कवीच्या ‘महाराष्ट्रपुराणा’त आहे: जळणारी घरे, जीव घेऊन पळणारे सर्व जातींचे लोक, द्रव्यासाठी केलेला छळ, स्त्रियांची विटंबना. वाचताना मान खाली जाते. भयभीत कलकत्तेकरांनी खणलेला ‘मराठा खंदक’ पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. १७५१ च्या तहाने सालिना बारा लाखांची चौथाई ठरली व स्वाऱ्या थांबल्या. शब्द तेवढा पाळण्यापाशी उरला.

‘लूट’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांनी गोड करून घेतला आहे. आपण दसऱ्यास सोने लुटतो, बोरनहाणात पोरे बोरे लुटतात. येथे कीर्तनाअखेर बत्तासे उधळतात, त्यास ‘हरिर लूट’ म्हणतात. माशीमांकडील अशा लुटीत आमच्या कन्येने फ्रॉकचा ओचा भरून बत्तासे आणले होते.

त्या दुपारनंतर माशीमा आमच्यादेखत अंगाई म्हणताना तो शब्द गाळीत. तेथे नुसतेच गुणगुणत. अखेर आम्हीच एकदा हात जोडून म्हणालो, “माशीमा, गाळू नका. आहे तशी म्हणा.”

त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कन्या तोवर झोपली होती.