स्वच्छ वीज आणि जनसुनावणीतला नागरिक

वीज हा विषय भारतीय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. त्याचा मूळ कायदा संसदेने केला आहे. पण घरच्या मीटरला कोणता दर लागेल, छतावर तयार झालेल्या विजेची वजावट बिलात कशी होईल आणि वितरण कंपनीने सौर व पवनऊर्जा किमान किती घ्यायची, हे राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात हा आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. त्यामुळे स्वच्छ ऊर्जेचा आग्रह धरणाऱ्या नागरिकाचे पहिले कार्यक्षेत्र म्हणजे त्याचे स्वतःचे राज्य. आज पदवी घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक स्नातक, मग तो अभियांत्रिकीचा असो, वाणिज्याचा असो वा विधी शाखेचा, या क्षेत्रात पाऊल टाकू शकतो.

त्यासाठीची वाट विद्युत अधिनियम 2003 ने आखून दिली आहे. कलम 64 नुसार वीजदराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कलम 86 अक्षय ऊर्जेला चालना देण्याचे काम आयोगाकडे सोपवते, तर कलम 94 ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची मुभा देते. हरकत मराठीतूनही नोंदवता येते.

महाराष्ट्रात या जागरूकतेची परंपरा आयोगाहून जुनी आहे. राज्य वीज मंडळाने 1993 मध्ये दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदी करार केला, त्यानंतर पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने त्यातली कलमे आणि आकडे तपासून त्याचा बोजा लोकांसमोर मांडला. 2001 मध्ये मंडळाने ही महागडी वीज घेणे थांबवले. कराराची बारीक अक्षरे सामान्य माणसाच्या बिलापर्यंत कशी पोहोचतात, हे या प्रकरणाने शिकवले.

स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत हीच शिकवण 2019 मध्ये उपयोगी पडली. छतावरील सौरऊर्जेसाठी नेट मीटरिंगचे विनियम 2015 पासून लागू होते. दिवसा जाळ्यात सोडलेली वीज रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते, हे त्याचे तत्त्व. 2019 च्या नव्या मसुद्यात ही सवलत महिन्याला 300 युनिटपुरती ठेवण्याचा प्रस्ताव होता. ग्राहक संघटना, गृहनिर्माण संस्था आणि लहान सौर व्यावसायिकांनी त्यावर हरकती घेतल्या. डिसेंबरमध्ये निघालेल्या अंतिम विनियमांत ती मर्यादा राहिली नाही.

शेतीचा प्रश्न याहून व्यापक आहे. रात्रीच्या वेळापत्रकामुळे शेतकऱ्याला अंधारात, साप-बिबट्याच्या धास्तीत पंप चालू करायला जावे लागते. दिवसा वीज मिळावी ही त्याची जुनी मागणी. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने तिला एक व्यवहार्य रूप दिले. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना. प्रकल्प जवळच असल्याने वीज लांबून वाहून आणावी लागत नाही, आणि दिवसाची गरज सूर्याच्या वेळेशी जुळते.

मात्र ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिची उभारणी आपोआप न्याय्य ठरत नाही. गायरानावर सौर पॅनेल आले, तर ज्यांची गुरे तिथे चरतात त्यांचे काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारलाच गेला पाहिजे. भाडेपट्टा, रस्ता, पाणी आणि स्थानिकांना मिळणारे काम यांची नोंद कागदावर हवी. अशा प्रश्नांना उत्तरे मिळाली तरच गाव प्रकल्पाला आपला मानते.

या कामाला लागणारी कौशल्ये विद्यापीठातलीच आहेत. वीज कंपनीची याचिका शेकडो पानांची असते. गळतीचे आकडे अभियंत्याने तपासावेत, महसुली तूट वाणिज्य पदवीधराने, अधिकाराचा मुद्दा विधी पदवीधराने. आणि भाषेच्या अभ्यासकाने ते सारे शेतकऱ्याला, गृहिणीला समजेल अशा मराठीत आणावे. आदेश पटला नाही, तर 45 दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. जाहीर सूचना वाचणे, मुदतीत हरकत नोंदवणे, सुनावणीला हजर राहणे आणि आदेशात त्या हरकतीला काय उत्तर मिळाले ते पाहणे, एवढा हा क्रम आहे. दर नव्या याचिकेबरोबर तो पुन्हा सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी त्याला ताज्या दमाच्या, आकडे वाचू शकणाऱ्या माणसांची गरज असते.