विद्यार्थ्यांचे घर कोणी सांभाळावे?

अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांच्या गावी कॉलेजच्या आसपास मोठमोठी घरे दिसतात आणि त्यांच्या दर्शनी भागावर दोन-तीन ग्रीक अक्षरे असतात. हे देऊळ नव्हे, की दुकान नव्हे. विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाचे, म्हणजे फ्रॅटर्निटीचे, ते घर. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारे पहिले मंडळ १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले. घरे मात्र नंतरची, एकोणिसाव्या शतकातली.

आता गंमत पाहा. घरात राहणारी मुले अठरा ते बावीस वर्षांची. चार वर्षांत सगळी बदलायची. खजिनदार निवडलेल्या पोराला जमाखर्च कळू लागतो, तोवर तो पदवी घेऊन चालू लागतो. छपराला काही पदवी मिळत नाही. ते बिचारे पन्नास-पन्नास पावसाळे तिथेच. म्हणून घर बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या नावावर असते, आणि मुलांनी तिला भाडे द्यावयाचे. पण हे माजी विद्यार्थीही नोकरीधंद्याची माणसे, कोणी कुठे, कोणी कुठे. गळकी पन्हळ पाहायला त्यांना सवड कुठली?

तेव्हा हे काम पगारी जाणकारांकडे देण्याची रीत पडली. भाडे व वर्गणी वसूल करणे, बिले भागवणे, कराचे व विम्याचे कागद सांभाळणे, घराची तपासणी करून कोणती दुरुस्ती आधी करावयाची ते ठरवणे, ही त्यांची कामे. काही घरांत स्वयंपाकघर पाहणारी व्यवस्थापक बाई किंवा गृहस्थ मुक्कामालाच असतात.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. तसे नाही. १२ मे १९९६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल या गावी अशा एका घराला पहाटे आग लागली आणि पाच विद्यार्थी दगावले. त्याच दिवशी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता! छताला आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारे नळ नव्हते. पुढे गावाने अशा घरांना ते सक्तीचे केले. हे नळ बसवणे खर्चाचे काम. जो मुलगा वर्षभराने जाणार, त्याला तो खर्च कसा सुचावा? दहा वर्षांपुढचे पाहणारे कोणी तरी हवेच.

तरी सारेच परक्यावर सोपवावे, असे मला वाटत नाही. हिशेब, वायरिंग, बॉयलर जाणकाराकडे जावे. ताटे विसळणे, जिना झाडणे मुलांकडेच राहावे. नाही तर घराची खानावळ होते. (आपल्याकडच्या बोर्डिंगांतून पाळीने वाढलेल्या मंडळींना हे सांगायला नको.)

आणखी एक. रात्री दोन वाजता पाइप फुटला, तर कंपनीचा माणूस आपल्या घरी झोपलेला असतो. पाण्याचा मुख्य नळ कोठे बंद करावयाचा आणि मागला दरवाजा कसा उघडतो, हे दर वर्षी नव्या मुलांना त्या जागी नेऊनच दाखवावे लागते.