शनीला थांबवताना

जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणात मी दुर्बीण लावली होती. सहा इंची, हाताने फिरवायची. मुलांच्या रांगेत शेवटी एक आजी उभ्या होत्या. मी शनी मधोमध आणून बाजूला झालो. आजींनी काठी नातवाकडे दिली, पदर सावरला आणि डोळा लावला.

"दिसला का, आजी?"

"दिसला की."

नातवानं विचारलं, "कसा हाय गं?"

"काळा," आजी म्हणाल्या.

शनी केव्हाच निघून गेला होता. माझं मन राखायला त्या ‘दिसला’ म्हणाल्या होत्या.

चूक त्यांची नव्हती. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सरकतं. एका अंशाचे ३६०० भाग केले, तर त्यातले १५ भाग दर सेकंदाला. शंभरपट मोठं दाखवताना माझ्या दुर्बिणीत जेमतेम अर्धा अंश आकाश मावतं. मध्यावरचा शनी मिनिटभरात कडेबाहेर जातो. पोरांना तेवढं पुरतं, म्हाताऱ्या डोळ्यांना नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. फ्राउनहोफरने १८२४ साली बनवलेल्या डॉर्पाटच्या दुर्बिणीला वजनावर चालणारं घड्याळ जोडलेलं होतं. मी मोटर जोडायचं ठरवलं. माझ्या बैठकीचा एक आस ध्रुवाकडे रोखता येतो. जुन्नरला ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर असतो, तेवढाच कल द्यायचा. मग तो एकच आस फिरवला की पुरे. त्यावरच्या चाकाला १४४ दाते आहेत. तारे २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत फेरी पूर्ण करतात. म्हणजे चाकाला ढकलणाऱ्या स्क्रूची एक फेरी सुमारे ५९८ सेकंदांत व्हायला हवी. एक स्टेपर मोटर, दातेरी पट्टा, छोटं सर्किट आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढं सामान लागलं. मोटर बसवायची पट्टी आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या काकांनी करून दिली.

पहिल्या रात्री गच्चीवर बटण दाबलं, तर शनी अर्ध्याच मिनिटात पसार! मोटर उलटी फिरत होती. आकाश एकीकडे, दुर्बीण दुसरीकडे. मोटरच्या एका वेटोळ्याच्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि शनी जागच्या जागी उभा राहिला.

पुढच्या वर्षी त्याच पटांगणात गेलो. आजी आल्या. या वेळी मी काहीच विचारलं नाही. बराच वेळ त्या वाकून बघत होत्या. मागची पोरं कुरकुरायला लागली. मग डोळा न काढताच त्या नातवाला म्हणाल्या, "आरं, ह्याला तर कडं हाय!"