सुई कुणाच्या हाताला टोचते?

(गोंदिया जिल्ह्यातल्या महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कावीळ म्हटलं की आपल्याकडे पावसाळ्यातलं गढूळ पाणी आठवतं, नाहीतर गळ्यात माळ घालून कावीळ उतरवणारा वैदू. आज मी बोलणार आहे ती कावीळ वेगळी. हिपॅटायटिस बी. काहीजणी तिला पांढरी कावीळ म्हणतात. ती पाण्यातून येत नाही. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एका खोलीत झोपल्याने होत नाही. ती रक्तातून येते, लैंगिक संबंधातून येते आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही, कारण वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही. मग एक दिवस यकृत निकामी झाल्याचं नाहीतर यकृताचा कर्करोग झाल्याचं कळतं.

तुम्ही म्हणाल, हा दवाखान्याचा विषय, कॉलेजमध्ये कशाला? तर आपल्या गोंदियातच पाहू या. २०१६ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय इथे मुलं-मुली डॉक्टरकी शिकतात. जिल्ह्यात नर्सिंगच्या शाळा-कॉलेजं आहेत, लॅब टेक्निशियनचे कोर्स आहेत. नर्सिंगला जाणाऱ्या बहुतेक मुलीच. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या गावांतून येतात, घरातली पहिली शिकणारी मुलगी असते. सतरा-अठराव्या वर्षी तिच्या हातात सुई दिली जाते.

आणि केवळ दवाखानाच नाही. साध्या सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला रक्तगट तपासायला बोट टोचतात. टोचणी प्रत्येकीला नवी मिळते का? वापरलेली कुठे टाकतात? एनएसएसचं रक्तदान शिबिर होतं, आपल्या भागात सिकलसेलची तपासणी होते. सगळं चांगलंच काम आहे. पण शिबिर संपल्यावर टेबलाखालचा कचरा कोण उचलतं, ते एकदा थांबून बघा.

या विषाणूबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहतो. लस न घेतलेल्या माणसाला या आजाराच्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. एड्सला आपण सगळे घाबरतो, घाबरायलाही हवं, पण त्याच सुईतून त्याहून कितीतरी सहज लागणाऱ्या या आजाराचं नाव कुणी काढत नाही. आणि तिसरी गोष्ट : या आजाराला लस आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतात बनवली आणि परवडण्यासारखी झाली. म्हणजे आज कुणाला सुईतून ही लागण झाली, तर त्याला नशीब म्हणता येणार नाही.

मग लस कुणाला मिळते? इथे मला उतरंड दिसते. मोठ्या डॉक्टरांनी घेतलेली असते. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना कॉलेज आठवण करून देतं. नर्सिंगच्या मुलीला बऱ्याच ठिकाणी सांगतात, बाहेरून घेऊन ये आणि कार्ड दाखव. आणि ज्या मावशी वॉर्ड पुसतात, गाद्यांच्या चादरी गोळा करतात, कचऱ्याच्या पिशव्या बांधतात, त्यांना कुणी विचारतही नाही. सुई टोचणारी व्यक्ती सुईकडे बघत तरी असते. पिशवीत हात घालणाऱ्या बाईला सुई दिसतच नाही. सगळ्यात जास्त धोका जिच्या हाताला, तिचं नाव स्टाफच्या यादीतच नाही, कारण ती कंत्राटदाराची माणूस. बाईच्या श्रमांचं मोल कसं ठरतं, हे बघायला यापेक्षा दुसरं पुस्तक नको.

लसीचे तीन डोस असतात. पहिला, मग एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आता कंत्राटाचा हिशोब लावा. सहा महिने होण्याआधी एजन्सी बदलली, की नवा ठेकेदार म्हणतो, मला माहीत नाही. बाई तीच, झाडू तोच, वॉर्ड तोच. तिसरा डोस मात्र जुन्या ठेकेदाराबरोबर गेला. (डोस राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घेतला की झालं. हे बायांना सांगायला हवं, नाहीतर त्या नादच सोडतात.)

मुलींच्या बाबतीत एक गैरसमज आहे, की लहानपणी सगळ्या लसी झाल्यात. ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. त्यानंतर जन्मलेली मुलं अजून शाळेत आहेत. आज कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला आईवडिलांनी विकत घेऊन दिली असेल किंवा कुठल्या मोहिमेत मिळाली असेल तरच. तेंदूपत्ता तोडून घर चालवणाऱ्यांनी ती विकत घेतली असेल, असं धरून चालता येईल का?

अमेरिकेत १९९१ साली सरकारने नियम केला, की ज्याचा कामात रक्ताशी संबंध येतो त्याला मालकाने कामावर लागल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ही लस देऊ करायची, स्वतःच्या खर्चाने. तिथे १९८३ साली सुमारे १७,००० आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली होती, १९९५ साली ती ४०० वर आली. लस, हातमोजे, सुया टाकायचे डबे आणि कायदा, चारही लागले.

आपल्याकडेही कायदा आहे, वाचला जात नाही एवढंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की सर्व आरोग्य कर्मचारी आणि हा कचरा हाताळणारे इतर, यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. ‘इतर’ या शब्दात आपल्या मावशी आल्या. आणि संस्था म्हणजे फक्त दवाखाना नव्हे. शिक्षणसंस्था, आरोग्य शिबिरं, रक्तदान शिबिरं, सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे. म्हणजे प्राणिशास्त्राची प्रयोगशाळासुद्धा. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हव्यात. कॅरीबॅगेत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात नाही. ज्यांना हे फाजील वाटतं त्यांनी २००९ साली गुजरातेतल्या मोडासात काय झालं ते आठवावं. वापरलेल्या सिरिंजांमधून ही कावीळ पसरली आणि कितीतरी माणसं गेली.

सुई टोचलीच तर काय करायचं? साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही, त्यावर ब्लीच ओतायचं नाही. आणि लगेच सांगायचं. लस झालेली नसेल तर लस आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, शक्यतो चोवीस तासांच्या आत. एचआयव्हीच्या गोळ्यांचा निर्णयही त्याच वेळी घ्यावा लागतो.

पण मुली सांगत नाहीत. ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ ही पहिली ओरड. मग होस्टेलवर चर्चा, मग घरी फोन, मग बाप म्हणणार परत ये. नर्सिंगच्या मुलींशी बोलताना मला वारंवार हेच ऐकायला मिळालं : टोचलं, पाण्याखाली हात धरला, ड्युटी केली. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण लावू नये हे त्यांना पाठ आहे. पण सुई तोडायचं यंत्र वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आणि पस्तीस पेशंटला दोन मुली असतील, तर टोपण लावलं जाणारच. चूक मुलीच्या हाताची म्हणायची, की यंत्र तिथे ठेवणाऱ्याची?

आणखी एक भीती आहे, तपासणीची. लस देण्याआधी सरसकट तपासणी करून ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल त्यांना बाजूला काढायचं, हा प्रकार आपण चालू देता कामा नये. गरोदरपणात तपासणी होते म्हणून घरात आजार आधी बाईचा उघड होतो आणि ‘हिनेच आणला’ हे ठरून जातं. नवऱ्याची तपासणी होतच नाही. तेच मुलीच्या लग्नाचं, तेच नोकरीचं. एचआयव्हीबाबत भेदभाव करू नये यासाठी २०१७ चा कायदा आहे, पण तो एचआयव्हीपुरता. अमेरिकेत २०१३ साली न्यू जर्सीच्या एका वैद्यकीय विद्यापीठाला हा आजार असलेल्या दोन अर्जदारांना नाकारल्याबद्दल सरकारशी तडजोड करावी लागली. या आजाराने शिक्षण थांबत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि प्रत्येकीला औषध लागतंच असंही नाही. रिपोर्ट तिचा, तो नोटीस बोर्डावर नको, वॉर्डनच्या तोंडी नको.

आता कामाचं. प्रत्येक दवाखान्याला, कचरा करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल द्यावा लागतो. नमुना चार. वर्षात किती अपघात झाले, किती लोकांना प्रशिक्षण दिलं, किती राहिले, हे त्यात लिहावं लागतं. अपघातांच्या रकान्यात शून्य दिसलं तर आनंद मानू नका, त्या वॉर्डातल्या मावशींना जाऊन विचारा. सरकारी संस्थेकडून हा अहवाल माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागता येतो. सोबत लसीकरणाचं रजिस्टर मागा, आणि त्यात कंत्राटी बायांची नावं, तिन्ही डोसांच्या तारखांसकट, आहेत का ते बघा. अर्जाचा मसुदा मी सायक्लोस्टाईल नाही, झेरॉक्स करून आणला आहे. संस्थेचं नाव लिहायची जागा कोरी ठेवली आहे. जाताना प्रत्येक तालुक्याने दोन-दोन घ्या.