माप कंपनीचे, माल आमचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत मोबाईलचा विषय कशाला, असे मघाशी दोघातिघांनी विचारले. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर आधी मोबाईलच्या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. २०२१ पासून सातबाऱ्यावरचा पेराही आपणच बांधावर उभे राहून फोनमध्ये भरतो. बँकेत जा, किसान सन्मानच्या हप्त्याला जा, ओटीपी सांगा म्हणतात. पूर्वी तलाठी सापडत नाही म्हणून खेटे घालत होतो, आता रेंज सापडत नाही म्हणून घालतो.

आमचीच गोष्ट सांगतो. नोंदणीला बसलो तर घरात रेंज नाही. छतावर चढलो, एक दांडी आली. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपली. दोनदा असे झाल्यावर गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो, तेव्हा कुठे काम झाले. कंपनीला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, आमच्या नकाशावर तुमच्या गावात रेंज आहे. आता नकाशावर राहायला जायचे का? वर लगेच संदेश आला : आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर अमुक आकडा दाबा. हा संदेशही टेकडीवरच आला बरे का! घरी असतो तर तो आलाच नसता. म्हणजे जिथे रेंज आहे तिथेच गिऱ्हाइकाला विचारायचे, की बाबा, रेंज आहे का?

दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करायला १९९७ मध्ये ट्राय नावाचे प्राधिकरण झाले. त्याच्या २००९ च्या नियमांत शंभरातले किमान ९० ते ९५ गिऱ्हाईक समाधानी असावेत असा मापदंड होता. कागद चांगलाच होता. पण मोजणी कशी? आपले 'महाराष्ट्र परिमंडळ' म्हणजे मुंबई सोडून सारा महाराष्ट्र आणि वर गोवा. एवढ्या मुलखाची एक सरासरी. शंभरात दोनपेक्षा जास्त कॉल तुटू नयेत हा नियमही २०१७ पर्यंत या सरासरीनेच मोजला जायचा. पुण्यात भरपूर टॉवर, तिथे कॉल तुटला नाही, की आमच्या खेड्यातला तुटलेला कॉल त्यात बुडाला. तुम्हाला हे नवे नाही. पीक विम्यात पावसाचे यंत्र मंडळाच्या गावी, तिथे सर पडली की आपले कोरडे शिवारही ओले धरतात.

या धंद्यात स्पर्धा आली त्याचा फायदा आपल्याला झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सरकारी मक्तेदारीत साध्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव लावून बसावे लागे. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. पण एकेक करीत कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, आणि आता तीन खाजगी व एक बीएसएनएल एवढेच मोठे उरले. त्यातही ज्या गावात एकाच कंपनीची रेंज आहे, तिथे बदलून जाणार कुठे? बाजारात एकच खरेदीदार असला म्हणजे भाव कोण ठरवतो, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता कडत्याकडे येऊ. व्यापारी क्विंटलमागे किलो-दोन किलो कापतो तर आपण काटा धरतो. मोबाईलचा महिना मात्र २८ दिवसांचा, तो आपण मुकाट्याने घेतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाचे महिने १२ आणि रिचार्ज १३! दर खेपेला २०० रुपये धरले तर २४०० च्या जागी २६००. घरात चार फोन असतील तर ८०० रुपये कडत्यात गेले. ट्रायने २०२२ मध्ये सांगितले, ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक, असे रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजेत. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागावे लागतात. तसेच बटनाच्या फोनवाल्या म्हाताऱ्या माणसाने इंटरनेटचे पैसे का भरावे? डिसेंबर २०२४ च्या नियमाने फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच रिचार्ज देणे कंपन्यांना भाग पडले. तेही मागून घ्या.

भरपाईचे काय? २०१५ मध्ये ट्रायने नियम केला की कॉल तुटला तर गिऱ्हाइकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. तीन रुपये सुद्धा जड झाले त्यांना! २०२४ च्या नियमांत एक गोष्ट आली आहे. जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर रिचार्जची मुदत वाढवून द्यायची. आपला एकट्या गावाचा टॉवर आठ दिवस बंद राहिला तर? मोजायला पुन्हा जिल्हाच.

ट्राय एकेकट्याची तक्रार ऐकत नाही. कंपनीकडे तक्रार करायची, तिचा नंबर मागून घ्यायचा, दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचे. तिथेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईलच्या तक्रारी आयोगाला चालवता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीचे ऑफिस कुठेही असो, दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही.

आपण फोन आपटतो, शिवी घालतो आणि झोपतो. शिवीला नंबर मिळत नाही. म्हणून गावोगाव एक वही करा. रेंज कोणत्या तारखेला किती तास नव्हती, तक्रारीचा नंबर काय, कोणाचे कोणते काम अडले, ते तिच्यात लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या पोरापोरींनी लिहून घ्यावे. पुढच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊन या, म्हणजे आयोगात पहिला दावा कोणत्या गावाचा लावायचा ते तिथेच बसून ठरवू.